शैक्ष आणि ग्लान : शिकाऊ परिचारिकांच्या घडणीविषयी

(सुवर्णमहोत्सवी वर्षानिमित्त झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



सुवर्णमहोत्सवाच्या व्यासपीठावरून दान, सेवा आणि धर्म यांविषयी बोलले जावे हे स्वाभाविकच आहे. आजचा विषयही त्याच वाटेवरचा आहे, मात्र थोडा आडबाजूचा. परिचारिका होऊ पाहणाऱ्या विद्यार्थिनी शिक्षणाच्या अखेरच्या टप्प्यात, म्हणजे आंतरवासितेच्या काळात, रुग्णाच्या खाटेजवळ प्रत्यक्ष काय शिकतात, त्यांना ते कोण शिकवते आणि त्या शिक्षणात उणीव राहिली तर तिची किंमत कोण मोजतो, हे येथे पाहावयाचे आहे.

तत्त्वार्थसूत्राच्या नवव्या अध्यायात अभ्यंतर तपाचे सहा प्रकार सांगितले आहेत. त्यांतील तिसरे तप म्हणजे वैयावृत्त्य. ही सेवा कोणाची करावी याचीही तेथे गणना आहे आणि अशी दहा पात्रे सांगितली आहेत. आचार्य, उपाध्याय आणि तपस्वी यांच्यानंतर चौथे नाव 'शैक्ष' असे आहे आणि पाचवे 'ग्लान' असे. शैक्ष म्हणजे नुकताच दीक्षित झालेला, अजून शिकत असलेला साधू आणि ग्लान म्हणजे रोगाने थकलेला. ही गणना मूलतः मुनिसंघाला उद्देशून आहे, हे खरे. तरीही रुग्ण आणि शिकाऊ हे दोघे त्या क्रमात शेजारी-शेजारी बसलेले आहेत, याकडे श्रावकाचे लक्ष जावयास हवे. रुग्णसेवेसाठी समाज सढळ हाताने देतो. रुग्णाची सेवा करावयास शिकणाऱ्या मुलीची आठवण मात्र दानाच्या याद्यांत क्वचितच निघते.

साकीनाक्यासारख्या वस्तीत या विसराचा परिणाम लवकर दिसतो. अंधेरी-कुर्ला मार्ग, साकी विहार मार्ग, खैरानी रोड, जरीमरी, चांदिवली हा सारा गाळ्यांचा, कारखान्यांचा आणि दाट वस्तीचा मुलूख. यंत्रात बोट सापडलेला कामगार असो वा बाळंतपणासाठी आलेली त्याची पत्नी, त्यांची धाव घाटकोपरच्या राजावाडी रुग्णालयाकडे, कुर्ल्याच्या भाभा रुग्णालयाकडे नाहीतर जुहूच्या कूपरकडे असते. ऐपतदार कुटुंबे खासगी रुग्णालयांत जातात. तथापि दोन्हीकडे एक गोष्ट समान असते. डॉक्टरांची फेरी काही मिनिटांची असते आणि उरलेले सर्व तास रुग्ण सिस्टरच्या हवाली असतो. त्या तासांत त्याचा श्वास बदलला, लघवी कमी झाली, तो नेहमीपेक्षा निराळे बोलू लागला, तर ते प्रथम तिलाच दिसणार असते. अर्थात, तिला पाहावयास शिकविले असेल तरच.

मुंबईला या शिक्षणाची परंपरा जुनी आहे. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात १८६० मध्ये परिचर्येची शाळा सुरू केली. पुढे पाव शतकाने, १८८६ मध्ये, पेस्तनजी होरमसजी कामा यांच्या देणगीतून मुंबईत स्त्रियांसाठी कामा रुग्णालय उभे राहिले आणि त्याच सुमारास या शहरात परिचारिकांचे प्रशिक्षणही सुरू झाले. १८९१ मध्ये या प्रशिक्षणासाठी आलेल्या बाई काशीबाई गणपत या पहिल्या भारतीय परिचारिका, अशी नोंद परिचर्येच्या पाठ्यपुस्तकांत आढळते. त्या काळी सोवळे-ओवळे आणि लोकापवाद यांना तोंड देत परक्या माणसाची जखम धुणे किती अवघड गेले असेल, याची कल्पनाच केलेली बरी. एस.एन.डी.टी. विद्यापीठाचे लीलाबाई ठाकरसी परिचर्या महाविद्यालय १९६४ मध्ये स्थापन झाले. ठाकरसी घराणे कापडगिरण्यांच्या व्यवसायातले. सूत आणि कापड यांतून आलेले नाव परिचर्येच्या शिक्षणाशी जोडले जावे, ही व्यापारी समाजाने अभिमानाने सांगावी अशी गोष्ट आहे.

आता आजच्या व्यवस्थेकडे वळू. जीएनएम हा पदविका अभ्यासक्रम २०१५ च्या सुधारणेनंतर तीन वर्षांचा आहे आणि त्यात सहा महिन्यांची आंतरवासिता अंतर्भूत आहे. बी.एस्सी. नर्सिंग हा चार वर्षांचा पदवी अभ्यासक्रम. भारतीय परिचर्या परिषदेने २०२१ मध्ये अधिसूचित केलेल्या नियमावलीनुसार त्याचे आठवे सत्र आंतरवासितेचे असते. ती बावीस आठवड्यांची आहे. त्यांतील सहा आठवडे प्रौढ रुग्णांच्या परिचर्येसाठी, तर सामुदायिक आरोग्य, बालरुग्ण, मानसिक आरोग्य आणि प्रसूती यांसाठी प्रत्येकी चार. आठवड्याला अठ्ठेचाळीस तास धरले तर एकूण १,०५६ तास होतात. कागदावर ही तरतूद उत्तम आहे. हे तास कशात खर्ची पडतात, हा खरा प्रश्न आहे.

येथे उपस्थितांपैकी अनेकांच्या घरी सी.ए.चा अभ्यास करणारी मुले आहेत. त्यांना आर्टिकलशिप म्हणजे काय ते ठाऊक आहे. एके ठिकाणी मुलाच्या पुढ्यात खातेवही ठेवून तफावत कोठे आहे ते शोधावयास सांगतात; दुसरीकडे तोच मुलगा बँकेत स्लिपा भरतो आणि फायली वाहतो. दोघांच्या प्रमाणपत्रावर काळ सारखाच नोंदला जातो. परिचारिकेच्या आंतरवासितेचेही असेच आहे. ज्या वॉर्डात सिस्टरांची पदे रिकामी असतात तेथे आंतरवासितेची मुलगी ही विद्यार्थिनी न राहता मनुष्यबळ होते. चादरी बदलणे, नमुने प्रयोगशाळेत पोहोचविणे, तपासणीचे कागद आणणे, यांतच पाळी संपते. ही कामे हलकी आहेत असे नव्हे. परंतु तीच कामे सहा महिने केल्याने न्याय-निवाड्याची बुद्धी येत नाही. पुढे प्रात्यक्षिकांच्या नोंदवहीत जी कामे हातून झाली नाहीत त्यांच्यासमोरही सही होते, आणि त्या सहीच्या बळावर मुलगी परिचारिका होते.

न्याय-निवाड्याची बुद्धी म्हणजे नेमके काय, हे उदाहरणावाचून स्पष्ट होणार नाही. मधुमेह नाही असे घर समाजात आता शोधावे लागेल, म्हणून उदाहरण इन्सुलिनचेच घेऊ. भारतात इन्सुलिन दोन तीव्रतांत मिळते. एकात दर मिलिलिटरला चाळीस युनिट असतात, दुसऱ्यात शंभर. दोन्हींच्या सिरिंजही वेगळ्या. चाळीसची लाल टोपणाची, शंभरची नारिंगी टोपणाची. समजा, रुग्णाला वीस युनिट द्यावयाचे आहेत. बाटली शंभरची आहे आणि हाती लाल टोपणाची सिरिंज आली. विद्यार्थिनीने प्रामाणिकपणे विसाच्या रेघेपर्यंत औषध भरले, तर ते अर्धा मिलिलिटर होते आणि रुग्णाच्या शरीरात जातात पन्नास युनिट. साखर एकाएकी उतरून तो बेशुद्ध होऊ शकतो. उलट, बाटली चाळीसची आणि सिरिंज नारिंगी असेल तर विसाच्या रेघेवर केवळ आठ युनिट भरतात आणि साखर का उतरत नाही म्हणून सारे बुचकळ्यात पडतात. हा हिशेब पाचवीच्या मुलालाही जमेल. पण पहाटे सहाला, नाइट ड्यूटीच्या शेवटी, चार रुग्ण एकदम हाका मारीत असताना बाटलीवरचा आकडा आणि टोपणाचा रंग ताडून पाहण्याची सवय ही पुस्तकातून येत नाही. कोणीतरी शेजारी उभे राहून वीस वेळा "थांब, आधी वाच" असे म्हटलेले असते, तेव्हा ती हाताला लागते.

दुसरे उदाहरण श्वासाचे. ताप आणि रक्तदाब यंत्र सांगते. श्वास मात्र अनेक ठिकाणी मनगटी घड्याळाकडे पाहून पूर्ण एक मिनिट मोजावा लागतो. मिनिटभर थांबणे गर्दीच्या वॉर्डात जिवावर येते, आणि मग तक्त्यावर सर्वांपुढे 'वीस' असा एकच आकडा लिहिला जातो. जगभरच्या रुग्णालयांत ही खोड आढळते. वस्तुतः रुग्णाची प्रकृती बिघडू लागल्याची खूण पुष्कळदा प्रथम श्वासाच्या गतीतच उमटते. चोवीस, अठ्ठावीस, बत्तीस अशी ती चढत जाते आणि नंतर रक्तदाब कोसळतो. जिला खरा आकडा लिहावयास आणि तो चढताना पाहून डॉक्टरांना रात्री दोन वाजता न कचरता उठवावयास शिकविले आहे, ती प्राण वाचविते. डॉक्टरांना फोनवर काय आणि कोणत्या क्रमाने सांगावे, हीसुद्धा शिकण्याचीच बाब आहे: प्रथम सद्यःस्थिती, मग रुग्णाची पूर्वपीठिका, मग स्वतःचे निरीक्षण आणि शेवटी काय हवे आहे ती विनंती.

पॅट्रिशिया बेनर या अमेरिकन परिचर्या-अभ्यासकांनी १९८४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात परिचारिकेच्या वाढीच्या पाच पायऱ्या वर्णिल्या आहेत. अगदी नवखी, किंचित सरावलेली, सक्षम, प्रवीण आणि तज्ज्ञ. नवखी मुलगी नियम पाळते; तज्ज्ञ परिचारिका रुग्णाकडे पाहताच काहीतरी बिनसले आहे हे ओळखते. कापडाच्या पेढीवर जुना माणूस ताक्यावरून अंगठा फिरवूनच सूत सांगतो, तसेच हे. परंतु तो अंगठा तयार होण्यापूर्वी त्याने हजारो ताके उलगडलेले असतात, आणि चूक झाली की सांगणारा शेठ किंवा मुनीमजी समोर गादीवर बसलेला असतो. या दोन्ही गोष्टी नसतील तर नुसती वर्षे मोजून अनुभव येत नाही. जॉर्ज मिलर यांनी १९९० मध्ये वैद्यकीय परीक्षांविषयी हेच निराळ्या रीतीने मांडले. ठाऊक असणे, कसे करावे ते ठाऊक असणे, करून दाखविणे आणि प्रत्यक्ष कामात रोज करणे, या चार वेगळ्या गोष्टी आहेत. लेखी परीक्षेत पहिल्या दोहोंचीच पारख होते. चौथीची पारख रुग्णाच्या खाटेजवळच व्हावी लागते.

या शहराने अशी चौथ्या पायरीची परिचर्या पाहिलेली आहे. केईएम रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर २७ नोव्हेंबर १९७३ रोजी तेथेच अमानुष हल्ला झाला. त्या पुन्हा कधीही शुद्धीवर आल्या नाहीत. १८ मे २०१५ रोजी त्यांचे निधन झाले. मधल्या एक्केचाळीस वर्षांहून अधिक काळात त्याच रुग्णालयातील परिचारिकांच्या एकामागून एक पिढ्यांनी त्यांना भरविले, स्नान घातले, कूस बदलून दिली. ७ मार्च २०११ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने या सेवेचा गौरव केला. इतक्या वर्षांत त्यांच्या अंगावर शय्याव्रण झाले नव्हते, ही बाब तेव्हा देशाला कळली. अंथरुणाला खिळलेले वृद्ध ज्यांच्या घरी आहेत त्यांना या एका वाक्याचे मोल कळेल. काही दिवसांच्या हयगयीने माकडहाडाजवळ जखम होते आणि महिनोन्‌महिने भरत नाही. करुणा तर त्या परिचारिकांच्या ठायी होतीच. पण दर पाळीला कूस कशी आणि केव्हा बदलावी, कातडीचा कोणता लालसरपणा धोक्याचा, ओलसरपणा कसा टाळावा, हे जुन्या सिस्टरने नव्या सिस्टरला हाताने दाखविल्याशिवाय ही सेवा चार दशके अखंड चालली नसती.

कामा रुग्णालयातील परिचारिका अंजली कुलथे यांचे नाव पुष्कळांना स्मरत असेल. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री दहशतवादी इमारतीत शिरल्यावर त्यांनी आपल्या कक्षातील वीस गर्भवती स्त्रियांना आतल्या लहानशा पॅन्ट्रीत हलविले आणि त्यांपैकी एकीला कळा सुरू झाल्यावर तिला प्रसूतिकक्षापर्यंत नेले. त्या धैर्याची वाखाणणी पुष्कळ झाली आणि ती योग्यच होती. तथापि गोळ्यांच्या आवाजात कोणत्या स्त्रीला आत्ताच हलविणे भाग आहे हे ओळखणे, हा धैर्याइतकाच अभ्यासाचा भाग होता.

जैन घरांतील मुलाला ही शिस्त परकी वाटू नये. साधू-साध्वी पडिलेहण करतात. वस्त्रे आणि उपकरणे रोज ठरल्या वेळी उलगडून न्याहाळतात. वॉर्डात पाळी बदलताना आणीबाणीच्या ट्रॉलीतील प्रत्येक औषध आणि उपकरण तपासले जाते, ते याच जातीचे काम. पाच समितींपैकी आदान-निक्षेपण समिती ही वस्तू उचलण्या-ठेवण्यातील सावधपणा सांगते आणि उत्सर्ग समिती टाकाऊ पदार्थ कोठे व कसे टाकावेत ते सांगते. २०१६ च्या जैववैद्यकीय कचरा नियमांत पिवळी, लाल, पांढरी आणि निळी अशी जी विभागणी आहे, तिचा हेतूही कोणा सफाई कामगाराच्या बोटात वापरलेली सुई जाऊ नये हाच. ज्या धर्मात जयणा हा आचाराचा कणा मानला गेला, त्या धर्माच्या मुली या व्यवसायात इतक्या थोड्या का दिसतात, याचाही विचार समाजाने कधीतरी करावा. डॉक्टर सून चालते, सिस्टर सून म्हटले की चेहरे उतरतात, हे सत्य सभेत बोलावयास जरा कटू आहे इतकेच.

२०२० मध्ये करोनाने या विषयाची कसोटी घेतली. येथून जवळच, मरोळचे सेव्हन हिल्स रुग्णालय महापालिकेने करोना रुग्णांसाठी चालविले. खाटा आणि यंत्रे काही आठवड्यांत उभी राहिली. तयार परिचारिका मात्र काही आठवड्यांत निर्माण होत नाहीत. दुसऱ्या लाटेत, मे २०२१ मध्ये, अखेरच्या वर्षातील परिचर्या-विद्यार्थ्यांनाही वरिष्ठांच्या देखरेखीखाली कामावर घेण्याची मुभा केंद्र सरकारने दिली. ज्यांची आंतरवासिता चांगल्या हाताखाली झाली असेल त्या मुली तेथे उपयोगी पडल्या असतील. इतरांच्या वाट्याला काय आले असेल ते सांगण्याची आवश्यकता नाही.

परिचारिकांची संख्या आणि रुग्णाचे प्राण यांचा संबंध केवळ तर्काचा नाही. लिंडा एकेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पेनसिल्व्हेनियातील रुग्णालयांचा अभ्यास करून २००२ मध्ये दाखवून दिले की, एका परिचारिकेवर एका जादा रुग्णाचा भार पडला, तर शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णाच्या तीस दिवसांतील मृत्यूची शक्यता सात टक्क्यांनी वाढते. याच गटाच्या २०१४ मधील युरोपीय पाहणीत पदवीधर परिचारिकांचे प्रमाण दहा टक्क्यांनी अधिक असल्यास ती शक्यता सात टक्क्यांनी कमी होते, असे आढळले. म्हणजे हात किती आहेत आणि ते किती शिकलेले आहेत, दोन्हींचा हिशेब रुग्णाच्याच खात्यावर पडतो.

मग न्यासाने काय करावे? यंत्र देऊ नये असे कोणी म्हणणार नाही. परंतु डायलिसिसचे यंत्र दिले की त्यावर नामफलक लागतो, उद्घाटन होते, छायाचित्र छापले जाते. दहा विद्यार्थिनींमागे एक शिक्षिका असावी असे परिचर्या परिषदेचे मान आहे. ही शिक्षिका वर्गात असली तरी वॉर्डात, विशेषतः संध्याकाळच्या आणि रात्रीच्या पाळीत, बहुधा नसते. तेथे विद्यार्थिनी आणि चाळीस-पन्नास रुग्णांनी गांजलेली एकटी सिस्टर एवढेच उरते. एखाद्या मान्यताप्राप्त परिचर्या शाळेशी करार करून केवळ आंतरवासितेच्या तुकडीसाठी, संध्याकाळ आणि रात्र धरून, एका अनुभवी पाठ्यनिर्देशिकेचे वेतन न्यासाने उचलावे. निवृत्त झालेल्या, पण हात-पाय धड असलेल्या सिस्टर या कामाला फार उपयोगी पडतील. त्यांच्यापाशी जे आहे ते कोणत्याही पुस्तकात नाही.

करारात काही अटी स्पष्ट लिहून घ्याव्यात. या दानामुळे रुग्णालयाला फुकटचे मनुष्यबळ मिळते आहे असा अर्थ होऊ नये. आंतरवासितेच्या मुलीला रिकाम्या पदाच्या जागी मोजू नये. पहिल्या काही आठवड्यांत तिला अतिदक्षता विभागात एकटीला ठेवू नये. नोंदवहीतील सही जिने काम प्रत्यक्ष पाहिले तिचीच असावी. आणि विद्यार्थिनीने स्वतःहून चूक सांगितली, तर तिला सर्वांदेखत फटकारण्याऐवजी ती चूक घडली कशी हे त्याच दिवशी समजावून द्यावे, कारण एकदा फटका बसलेली मुलगी दुसरी चूक लपविते आणि लपलेली चूक रुग्णाला भोवते.

काही गोष्टी याहून लहान आहेत. रात्री नऊला पाळी संपवून मेट्रोने किंवा रिक्षाने घरी जाणाऱ्या मुलींसाठी वाहनाची सोय, बाहेरगावच्या मुलींसाठी वसतिगृहातील काही जागा, सरावासाठी इंजेक्शनचे आणि बाळंतपणाचे पुतळे. सरावाच्या पुतळ्यावर दहा वेळा चुकता येते, माणसावर नाही. सामुदायिक आरोग्याच्या चार आठवड्यांसाठी गाळ्यांच्या वस्तीतील घरभेटींत स्थानिक भाषा आणि ओळख यांची मदत महिला मंडळालाही करता येईल.

आणि घरोघरी एक गोष्ट आजपासून होऊ शकते. आजारी माणसासाठी घरी सिस्टर ठेवताना किंवा लहान नर्सिंग होममध्ये रुग्ण दाखल करताना तिची महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडे नोंदणी आहे काय, हे विनयाने विचारावे. पांढरा किंवा निळा गणवेश घातलेली प्रत्येक मुलगी नोंदणीकृत परिचारिका असतेच असे नाही. विचारण्यात अपमान नाही. सोने घेताना हॉलमार्क पाहतात, त्यात सराफाचा अपमान होत नाही.

पाठ्यनिर्देशिकेच्या एका वर्षाच्या वेतनापासून प्रारंभ करता येईल. पहिल्या तुकडीच्या वेळी विश्वस्तांपैकी दोघांनी महिन्यातून एकदा रात्रीच्या पाळीत वॉर्डात जाऊन ती निर्देशिका खरोखर विद्यार्थिनींच्या शेजारी उभी आहे काय, एवढेच पाहून यावे. हिशेब तपासावयाचा तो तेथे.

जय जिनेंद्र.